पाच वर्षांचा उपग्रह दहा वर्षं कसा टिकतो?

२८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून ॲस्ट्रोसॅट उडाला. ही भारताची पहिली अवकाश वेधशाळा. तिच्यावरच्या क्ष-किरण उपकरणांत मोठा वाटा आपल्या कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा, म्हणजे टीआयएफआरचा. उपग्रहाचं आयुष्य ठरवलं होतं पाच वर्षांचं. २०२५च्या सप्टेंबरात त्याला दहा वर्षं झाली, आणि तोवर त्याने ठरल्याच्या दुप्पट काम केलं होतं.

या दहा वर्षांत त्याला हात लावायला कोणी गेलेलं नाही. तिथे दुरुस्ती करणारा पोहोचत नाही, सुटा भाग बदलता येत नाही. जे काही करायचं ते उड्डाणाआधी विचार करून, नाहीतर उड्डाणानंतर जमिनीवरून हुकूम पाठवून. मग उपग्रह टिकतो कशामुळे? या प्रश्नाचं उत्तर शोधायला लागलं की एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. अवकाशात एकही उपाय फुकट मिळत नाही. एका धोक्यापासून वाचवणारी वस्तू दुसऱ्या धोक्याला वाट करून देते, आणि अभियंत्यांचं खरं कौशल्य हा हिशेब जमवण्यात असतं.

ॲस्ट्रोसॅटच्या बाबतीत हा हिशेब कक्षेपासूनच सुरू झाला. तो साधारण ६५० किलोमीटर उंचीवरून फिरतो आणि त्याची कक्षा विषुववृत्ताशी जेमतेम ६ अंशांचा कोन करते. इतका कमी कोन मुद्दाम निवडला. पृथ्वीभोवती चुंबकीय क्षेत्राने अडकवून ठेवलेल्या भारित कणांचे पट्टे आहेत. १९५८मध्ये एक्सप्लोरर-१ या उपग्रहाने ते शोधले आणि व्हॅन ॲलन या शास्त्रज्ञाचं नाव त्यांना मिळालं. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र तिच्या केंद्राशी नेमकं जुळत नाही, ते थोडं एका बाजूला सरकलेलं आणि कललेलं आहे. त्यामुळे दक्षिण अमेरिका आणि दक्षिण अटलांटिक समुद्र यांच्यावर आतला पट्टा खाली झुकतो, पार २०० किलोमीटर उंचीपर्यंत. हबल दुर्बीण या टापूतून जाताना आपली निरीक्षणं थांबवते. ॲस्ट्रोसॅट विषुववृत्ताला धरून फिरतो, म्हणून या टापूच्या फक्त उत्तरेकडच्या कडेला शिवून जातो. तेवढ्यासाठीही त्यावर कण मोजणारं एक छोटं उपकरण बसवलंय. कणांची संख्या ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली की ते इतर उपकरणांना इशारा देतं, आणि नाजूक उपकरणांचा उच्च दाबाचा विद्युतपुरवठा कमी केला जातो. टापू ओलांडला की काम पुन्हा सुरू.

कक्षा निवडणं ही सगळ्यात पहिली आणि बहुधा सगळ्यात प्रभावी ढाल. पण प्रत्येकाला ती हवी तशी मिळत नाही. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाची कक्षा ५१.६ अंश कललेली आहे, कारण रशियाच्या प्रक्षेपण तळावरून तिथे पोहोचता यायला हवं होतं. किंमत म्हणून ते स्थानक रोज त्या टापूतून अनेकदा जातं.

आता उंचीचं बघू. ४०० किलोमीटरवर हवा नसते अशी आपली समजूत असते. हवा असते, फक्त अतिशय विरळ. ताशी २७ हजार किलोमीटरहून जास्त वेगाने जाणाऱ्या वस्तूला तेवढीही पुरते. यान सतत किंचित मंदावतं, किंचित खाली येतं, आणि खाली आलं की आणखी दाट हवेत शिरतं. सूर्य खवळला की त्याच्या अतिनील किरणांनी आणि चुंबकीय वादळांनी, म्हणजे सूर्याकडून आलेल्या कणांच्या लोटाने पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात उठणाऱ्या खळबळीने, वरचं वातावरण तापतं, फुगतं आणि वर सरकतं. अमेरिकेचं स्कायलॅब स्थानक १९८०च्या दशकापर्यंत टिकेल, तोवर स्पेस शटल जाऊन त्याला वर ढकलेल असा अंदाज होता. सूर्य अपेक्षेहून जास्त तापला, हवा वर आली, आणि ११ जुलै १९७९ला स्कायलॅब कोसळलं. त्याचे तुकडे पश्चिम ऑस्ट्रेलियात सापडले. अलीकडचं उदाहरण फेब्रुवारी २०२२चं. इंटरनेट पुरवणाऱ्या स्टारलिंकचे ४९ उपग्रह सुरुवातीला सुमारे २१० किलोमीटरच्या कक्षेत सोडले होते, आणि लगेच एक चुंबकीय वादळ आलं. ते वादळ फार मोठं नव्हतं. तरी ४९पैकी ४०च्या आसपास उपग्रह वर चढूच शकले नाहीत, ते वातावरणात जळून गेले.

यावर उपाय एकच: इंधन जाळून यान पुन्हा वर ढकलणं. २०११पर्यंत अवकाश स्थानक साधारण ३५० किलोमीटरवर ठेवलं जायचं, कारण जड सामान घेऊन येणाऱ्या शटलला त्याहून वर चढणं महाग पडायचं. शटलची जोडणीची कामं संपत आली तसं स्थानक सुमारे ४०० किलोमीटरवर नेलं. फक्त ५० किलोमीटरचा फरक, पण उंची राखायला लागणारं इंधन वर्षाला साधारण ८,६०० किलोवरून ३,६०० किलोपर्यंत उतरलं. मग आणखी वर का नेत नाहीत? कारण वर गेलं की किरणोत्सर्ग वाढतो आणि अवकाश कचराही जास्त भेटतो. खालची हवा यानाला मागे ओढते, पण तीच हवा जुने तुकडे खाली खेचून जाळतेसुद्धा. वर ते तुकडे दशकानुदशकं फिरत राहतात.

त्या विरळ हवेचा आणखी एक त्रास आहे. तो मला या सगळ्या विषयातला सर्वांत विलक्षण भाग वाटतो. आपण श्वासात घेतो तो ऑक्सिजन दोन अणूंचा असतो. वर सूर्याचे अतिनील किरण ही जोडी फोडतात, आणि सुटा झालेला अणू कशालाही चिकटायला आसुसलेला असतो. यान त्या अणूंवर सेकंदाला जवळपास ८ किलोमीटर वेगाने आदळतं. दादर-वरळीला समुद्रासमोर राहणाऱ्यांना खाऱ्या वाऱ्याने खिडकीचे गज कसे खाल्ले जातात ते ठाऊक असतं, आणि समुद्राकडची बाजू आधी जाते हेही. वर सुटा ऑक्सिजन हेच काम करतो, पुढच्या बाजूला जास्त आणि मागच्या बाजूला फारच कमी. प्लॅस्टिकच्या जातीचे पदार्थ तो अक्षरशः वायू करून उडवतो, चांदीला काळी पडायला लावतो.

याचा सर्वांत सज्जड पुरावा एका यानाने पृथ्वीवर परत आणला. एप्रिल १९८४मध्ये चॅलेंजर शटलने एलडीईएफ नावाचं बसएवढं नळकांडं कक्षेत सोडलं. त्यावर वेगवेगळ्या धातूंचे, रंगांचे, कापडांचे, काचांचे नमुने लावले होते. साधारण वर्षभराने ते परत आणायचं ठरलं होतं. जानेवारी १९८६मध्ये चॅलेंजरचा अपघात झाला, शटलची उड्डाणं थांबली, आणि ते तसंच फिरत राहिलं. जानेवारी १९९०मध्ये कोलंबिया शटलने ते उचललं, तेव्हा ते इतकं खाली आलं होतं की आणखी थोड्याच आठवड्यांत जळून गेलं असतं. एलडीईएफची एकच बाजू कायम पुढे राहील अशी त्याची रचना होती, त्यामुळे पुढची आणि मागची बाजू शेजारी ठेवून तपासता आली. पुढच्या बाजूच्या उघड्या, पातळ प्लॅस्टिक फिती जवळजवळ नाहीशा झालेल्या. मागच्या बाजूला त्याच फिती शाबूत. सगळ्या पृष्ठभागावर मिळून ३०,०००हून जास्त बारीकसारीक आघातांच्या खुणा. शिवाय ठिकठिकाणी तपकिरी डाग पडले होते. ते कुठून आले हे पुढे सांगतो.

उपग्रहांच्या छायाचित्रांत ते सोनेरी वेष्टन दिसतं ना, त्यात बहुतेकदा कॅप्टॉन नावाचं पिवळसर प्लॅस्टिक असतं. उष्णतेला आणि थंडीला ते उत्तम तोंड देतं, पण सुट्या ऑक्सिजनपुढे टिकत नाही. म्हणून अवकाश स्थानकाच्या मूळ सौरपंखांच्या कॅप्टॉनवर सिलिकॉन डायऑक्साइडचा, म्हणजे काचेच्याच जातीचा, केसापेक्षा कितीतरी पातळ थर दिला. तो आधीच ऑक्सिजनशी जोडलेला पदार्थ असल्यामुळे नव्या ऑक्सिजनला तिथे काही मिळत नाही. थराला बारीकसं भोक पडलं तर मात्र त्यातून ऑक्सिजन आत शिरून खालचं प्लॅस्टिक कोरत जातो. २००१पासून स्थानकाच्या बाहेर पदार्थांचे नमुने ठेवून हे प्रयोग अजूनही केले जातात.

आता ते तपकिरी डाग. निर्वातात गोंद, रंग, तारांची आवरणं यांतून वायू हळूहळू बाहेर पडतात आणि थंड पृष्ठभागावर जाऊन बसतात. वरून सूर्याचे अतिनील किरण पडले की ते तिथे पक्के होतात, डाग पडतो. उष्णता बाहेर टाकण्यासाठी लावलेला पांढरा रंग पिवळा पडला की तो जास्त ऊन शोषतो आणि यान तापायला लागतं. दुर्बिणीच्या आरशावर तो थर बसला तर दुर्बीणच आंधळी होते. म्हणून यानात जाणारा प्रत्येक पदार्थ आधी निर्वातात १२५ अंश सेल्सियसला २४ तास तापवून पाहतात. वजनात १ टक्क्याहून जास्त घट झाली, किंवा उडून दुसरीकडे बसलेला भाग ०.१ टक्क्याहून जास्त निघाला, तर तो पदार्थ सर्वसाधारणपणे नाकारतात. ऊन-सावलीचा प्रश्न त्या मानाने सरळ आहे. दिवसाला १६ फेऱ्या, म्हणजे वर्षाला साधारण ५,८०० वेळा भाजायचं आणि गोठायचं. प्रत्येक जोड आकुंचन-प्रसरणाने थकतो. हबलचे सुरुवातीचे सौरपंख सावलीतून उन्हात येताना इतके थरथरायचे की दुर्बीण हलायची. १९९३मध्ये अंतराळवीरांनी ते बदलले.

आत बसलेल्या इलेक्ट्रॉनिक्सला वेगळी काळजी असते. दूरच्या ताऱ्यांच्या स्फोटांतून आलेला एखादा जड, अतिवेगवान कण चिपमधून आरपार गेला की वाटेत विद्युतभाराची रेघ सोडतो. मेमरीतल्या एखाद्या ० चा १ होतो. चिप खराब झालेली नसते, पण हुकूम बदललेला असतो. यासाठी प्रत्येक माहितीसोबत काही जादा अंक साठवतात, त्यांवरून चूक ओळखून दुरुस्त करता येते, आणि संपूर्ण मेमरी ठरावीक वेळाने तपासून साफ केली जाते. महत्त्वाचे निर्णय तीन सर्किटांना एकदमच घ्यायला लावतात आणि दोघांचं जुळतं ते उत्तर मानतात. कधीकधी कणामुळे चिपमध्ये शॉर्टसर्किटसारखी अवस्था तयार होते, वीज वाढत जाते आणि चिप जळू शकते. तेव्हा क्षणात पुरवठा तोडून पुन्हा चालू करणारी यंत्रणा लागते. याशिवाय वर्षानुवर्षं साचत जाणारा किरणोत्सर्गाचा डोस असतोच. सौरपत्रांची वीज दरवर्षी थोडी घटते, म्हणून पंख सुरुवातीला गरजेपेक्षा मोठेच बनवतात, शेवटच्या वर्षीची वीज डोळ्यासमोर ठेवून.

मग सगळ्याला जाड धातूचं कवच का घालत नाहीत? वजन हे अर्धं उत्तर. उरलेलं उत्तर समजायला टीआयएफआरच्या संस्थापकाकडे जावं लागेल. होमी भाभांनी वॉल्टर हाइटलर यांच्यासोबत १९३७मध्ये दाखवून दिलं की एक अतिऊर्जावान इलेक्ट्रॉन पदार्थात शिरला की त्यातून प्रकाशकण, त्यातून नवे इलेक्ट्रॉन, त्यातून पुन्हा प्रकाशकण अशी साखळी वाढत जाते. अवकाशातून येणारे प्रोटॉन आणि जड कणही धातूवर आदळून अणुकेंद्रांचे तुकडे आणि न्यूट्रॉन उडवतात. ही प्रक्रिया वेगळी असली तरी अडचण तीच: अर्धवट जाडीचं कवच एका कणाऐवजी अनेक कण आत पाठवू शकतं. त्यासाठी हलक्या अणूंचे पदार्थ बरे पडतात, विशेषतः हायड्रोजन भरपूर असलेले. स्थानकातल्या झोपण्याच्या खोल्यांना पॉलिथिलीनचे पत्रे लावलेत ते त्यामुळे.

आपल्या घरातल्या डिश टीव्हीचे उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर असतात. तिथे सुटा ऑक्सिजन नाही, ओढणारी हवा नाही. तिथला शत्रू साचलेला विद्युतभार. चुंबकीय वादळात इलेक्ट्रॉनांचे लोट येतात आणि यानाच्या आवरणावर बसतात. उन्हातल्या बाजूचे इलेक्ट्रॉन प्रकाशाने उडतात, सावलीतले साचतच राहतात. दोन भागांत हजारो व्होल्टचा फरक पडला की ठिणगी उडते. काचेच्या जातीचं आवरण खालच्या कक्षेत ऑक्सिजनपासून रक्षण करेल, पण इथे वीज न वाहू देणारं आवरणच संकट ओढवून घेतं. म्हणून इथल्या वेष्टनांवर वीज वाहून नेणारा पारदर्शक थर देतात आणि प्रत्येक पत्रा यानाच्या सांगाड्याशी तारेने जोडतात. त्याहून वेगवान इलेक्ट्रॉन आवरण भेदून आतल्या तारांमध्ये आणि सर्किट बोर्डांत साचतात, ते आणखी वाईट. २० जानेवारी १९९४ला कॅनडाचे ॲनिक ई-१ आणि ई-२ हे दोन उपग्रह काही तासांच्या अंतराने असेच भरकटले. पहिला काही तासांत ताळ्यावर आला, दुसऱ्याला सावरायला महिने लागले. अवकाश स्थानकालाही त्याच्या १६० व्होल्टच्या सौरपंखांमुळे ऋणभार चढतो. तिथे झेनॉन वायूचा आयनित, म्हणजे विद्युतभारित, झोत बाहेर सोडून तो भार मोकळा करतात.

वादळ येणार हे आधी कळलं तर पुष्कळ वाचवता येतं. इथे आपल्या शहराचा इतिहास थेट कामाला येतो, आणि तो फार थोड्या मुंबईकरांना माहीत आहे याची मला खरंच खंत वाटते. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी होत असे. १ सप्टेंबर १८५९ला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यावर प्रखर पांढरा झोत पाहिला. साधारण १७ तासांनी, २ सप्टेंबरला, ते वादळ पृथ्वीवर धडकलं. त्या वेळी कुलाब्यातल्या निरीक्षकांनी हाताने लिहून ठेवलेल्या आकड्यांत चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने (हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) घसरलेला दिसतो. विषुववृत्ताच्या जवळच्या ठिकाणी पृथ्वीभोवतीच्या कणप्रवाहाचा परिणाम स्वच्छ मोजता येतो, म्हणून या नोंदींचं मोल इतकं. ब्रूस त्सुरुतानी, गुरबक्ष लखिना आणि सहकारी शास्त्रज्ञांनी २००३मध्ये त्या अभ्यासून जगापुढे मांडल्या. तुलनेसाठी, १९८९मध्ये कॅनडातल्या क्विबेकची वीज घालवणाऱ्या वादळात, वादळाची तीव्रता दाखवणारा जागतिक निर्देशांक ५८९ नॅनोटेस्लाने उतरला होता. एका ठिकाणची क्षणाची नोंद आणि जगभरची ताशी सरासरी थेट शेजारी ठेवता येत नाही. पण ‘जास्तीत जास्त वाईट म्हणजे किती’ या प्रश्नावर आजचे यान-अभियंते विचार करतात तेव्हा कुलाब्याचा तो कागद त्यांच्यापुढे असतो.

पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्यांच्या प्रवाहाने मोजणी बिघडेल हे ओळखून हे काम १९०४मध्ये अलिबागला नेलं. भारतीय भूचुंबकत्व संस्थेची ती वेधशाळा आजही चालू आहे, संस्थेचं मुख्यालय नवीन पनवेलला आहे. आता जमिनीवरच्या मोजणीला अवकाशातली जोड मिळाली आहे. भारताची सूर्यवेधशाळा आदित्य-एल१ जानेवारी २०२४पासून आपल्यापासून १५ लाख किलोमीटरवर, सूर्याच्या दिशेला आहे. सौरवात, म्हणजे सूर्याकडून वाहत येणारा कणांचा प्रवाह, आधी तिथे पोहोचतो, मग आपल्याकडे. ताकदवान वादळात ही उसंत अर्ध्या-पाऊण तासाचीच असते. पण तेवढ्यात नाजूक उपकरणं बंद करता येतात, दिशा बदलायच्या हालचाली पुढे ढकलता येतात, नियंत्रण कक्षात जादा माणसं बसवता येतात. १० आणि ११ मे २०२४च्या वादळात लडाखच्या हानले इथे आकाश लाल झालं, आणि त्याच दिवसांत कमी उंचीवरचे उपग्रह नेहमीपेक्षा कितीतरी वेगाने खाली सरकत होते.

उरला कचरा. १० सेंटिमीटरहून मोठे तुकडे रडारवर दिसतात, त्यांच्यापासून स्थानक बाजूला होतं. टकरीची शक्यता १० हजारांत एकाहून जास्त दिसली की हलवायचं, असा दंडक आहे. १ सेंटिमीटरपर्यंतच्या तुकड्यांसाठी खगोलशास्त्रज्ञ फ्रेड व्हिपल यांनी १९४०च्या दशकात सुचवलेली युक्ती वापरतात. भिंतीच्या पुढे, थोडं अंतर सोडून एक पातळ पत्रा लावायचा. सेकंदाला १० किलोमीटर वेगाने आलेला तुकडा त्या पत्र्यावरच फुटून धूळ होतो, ती धूळ पसरते आणि मागच्या भिंतीवर जोर विभागला जातो. या दोहोंच्या मधल्या आकाराच्या तुकड्यांवर आजही नीटसा इलाज नाही. लहान तुकड्यांनाही कमी लेखता येत नाही. डिसेंबर २०२२मध्ये स्थानकाला जोडलेल्या सोयूझ यानाच्या शीतक नळीला मिलिमीटरहून लहान भोक पडलं, रशियाच्या मते बारीक उल्काकणाने. तिघांना परत आणायला दुसरं रिकामं यान पाठवावं लागलं, आणि त्यांच्यातले अमेरिकी अंतराळवीर फ्रँक रुबिओ यांचा मुक्काम ३७१ दिवसांवर गेला.

हे सगळे हिशेब आता आपल्यालाही नव्याने मांडायचे आहेत. भारतीय अंतराळवीर शुभांशू शुक्ला २०२५मध्ये १८ दिवस अवकाश स्थानकात राहून आले. भारतीय अंतराळ स्थानकाचा पहिला भाग २०२८मध्ये पाठवायचा आणि २०३५पर्यंत ते पूर्ण करायचं असं ठरलं आहे. ॲस्ट्रोसॅटसारखी निवांत विषुववृत्तीय कक्षा तिथे पुरेल का, की जास्त कललेली कक्षा घेऊन जगातल्या इतर यानांना दार उघडं ठेवायचं? उंची किती ठेवायची? त्यावरून इंधन, कवच, सौरपंखांचं माप, अंतराळवीरांचा मुक्काम हे सगळं ठरेल. यात वेळापत्रकही बघावं लागेल. सूर्याचं चक्र साधारण ११ वर्षांचं असतं, आणि सध्याच्या चक्राचा कळस २०२४च्या सुमारास आला. त्यात ११ मिळवले की २०३५ येतं. म्हणजे स्थानक पूर्ण होईल तेव्हा सूर्य पुन्हा जोरात असण्याची शक्यता मोठी आहे. वरची हवा फुगलेली असेल, वादळं वारंवार येतील, आणि उंची राखण्यासाठीच्या इंधनाचा अंदाज शांत वर्षांच्या आकड्यांवरून काढला असेल तर तो कमी पडेल.